नोरीनने तिसरं काय घेतलं?

१

बुधवारी दुपारी नोरीन टकफील्ड मेंढ्या कातरायच्या शेडमध्ये, लोकरीच्या टेबलाशीच कोसळली. आधी हात थरथरायला लागले, मग जबडा आवळला, कपडे घामाने चिंब झाले आणि डोळे जागेवर ठरेनात. तोंडाने काहीबाही बरळत होती. ताप एवढा चढला की शेडच्या स्वयंपाक्याने, मॉन्टीने, तिच्यावर पाण्याची बादलीच उपडी केली. रुग्णांना न्यायचं विमान आलं, तिला शहराच्या हॉस्पिटलात घेऊन गेलं, आणि संध्याकाळच्या आत अख्ख्या मलगूला गावाचं एकमत झालं होतं की तिचा जीव मीच घ्यायला निघाले होते.

मी म्हणजे ग्लेनिस हॉकिंग. मलगूलात औषधांचं दुकान एकच, आणि ते माझं. नोरीनला अर्धशिशी तरुणपणापासून आहे. डोकं उठलं की ती सुमाट्रिप्टानची एक गोळी घेते आणि तासा-दोन तासांत माणसांत येते. गेल्या हिवाळ्यात तिचा नवरा लेस गेला. त्यानंतर ती पडदे ओढून जी बसली ती बसलीच. ना अंघोळ, ना जेवण. शेवटी आमच्या डॉक्टर एझेनवांनी तिला उदासीवरची गोळी सुरू केली, सर्ट्रालीन. चिठ्ठी माझ्याकडे आली तशी मी त्यांना फोन लावला, की हिचं डोकेदुखीचं औषध ठाऊक आहे ना तुम्हाला. त्यांना ठाऊक होतं. आम्ही दोघांनी नीट विचार करून दोन्ही चालू ठेवली, आणि काय झालं तर लगेच कळवायचं तेही नोरीनला समजावून सांगितलं. या वसंतात ती परत कामावर उभी राहिली. मोसमातल्या शेवटच्या शेडमध्ये लोकरीची प्रत ठरवायचं काम तिने घेतलं तेव्हा मला किती बरं वाटलं होतं ते माझं मला माहीत.

गुरुवारी सकाळी तिची धाकटी बहीण वाल्डा दुकानात आली. वाल्डा आणि मी एका वर्गातल्या. हळू बोलणं तिला शाळेतही जमलं नाही. हातातला कागद तिने माझ्या नाकासमोर फडफडवला. औषधाची माहिती छापून, घडी घालून मी पाकिटात सरकवते, तो कागद.

"इथे छापलंय, ही दोन औषधं एकत्र घेताना धोका. मला वाचता येतं. तुला येत नाही का, ग्लेनिस?"

दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती. एकानेही मान वर केली नाही. म्हणजे सगळे कान देऊन ऐकत होते.

मग हॉस्पिटलचा फोन आला. नोरीनला झोपवून ठेवलं होतं, जीव धोक्याबाहेर येत होता. पण दोन औषधांची टक्कर झाली असं धरून शुक्रवारी दुपारच्या फेरीत मोठे डॉक्टर दोन्ही कायमची बंद करणार होते. दुकानाचं काय व्हायचं ते होवो. पण एक औषध गेलं तर ही बाई महिन्यातले आठ-दहा दिवस अंधारात ओकत काढणार, आणि दुसरं गेलं तर ती पुन्हा त्या पडद्यांमागे जाणार. आणि या वेळी बाहेर येईलच असं कोण सांगणार?

फोन ठेवता ठेवता हॉस्पिटलवाले म्हणाले, नोरीनने नेमकं काय काय गिळलं ते बघायला एक बाई पाठवतोय. तिला काही सापडलं तर शुक्रवारच्या फेरीआधी कळवा.

२

बाईचं नाव थुई लाम. वय असेल पस्तिशीचं. तिचं कामच हे की लोकांच्या घरी जायचं, कपाटं आणि फ्रिज उघडायचे आणि माणूस खरोखर काय काय खातो ते बघायचं. त्याच दुपारी ती दुकानात आली, खुर्ची नको म्हणाली आणि येरझाऱ्या घालायला लागली. मलाही बसवत नव्हतं. आम्ही दोघी त्या एवढ्याशा दुकानात एकमेकींना चुकवत फिरत होतो.

"ही दोन औषधं दोषी नाहीत असं तुम्हाला वाटतं, की तुम्हाला तसं वाटून घ्यायचंय?" तिने विचारलं.

मी चिडले. म्हटलं, वीस वर्षं झाली हा इशारा छापून येतोय आणि तेवढीच वर्षं जगभरचे डॉक्टर ही जोडी समजून-उमजून देताहेत. दोन्ही औषधं मेंदूतल्या सेरोटोनिनशी खेळतात, म्हणून कागदावर धोका लिहावा लागतो. लिहावाच. पण खरोखर कोणी कोसळल्याचं कितीदा ऐकलंस तू?

"जवळजवळ नाहीच," ती शांतपणे म्हणाली. "म्हणून तर आले. एवढा ताप आणि एवढा ताठरपणा या दोघांच्या बळावर यायचा नाही. यांना तिसऱ्याने ढकललंय. आणि नेहमीच्या रक्ततपासणीत ते तिसरं दिसलेलं नाही."

तिसरं म्हणजे काय काय असू शकतं ते आम्ही उभ्या उभ्या बोललो. खोकल्याची काही औषधं उदासीच्या गोळीशी भांडतात, आणि शेडमध्ये त्या आठवड्यात सगळे खोकत होते. मॉन्टी सगळ्यांना एकाच बाटलीतून पाजत होता. काही झाडपाला भांडतो, आणि वाल्डा बहिणीला रोज सकाळी थर्मास भरून पाल्याचा चहा द्यायची. शिवाय नोरीनने सुमाट्रिप्टानच ढिगाने गिळलं असेल तर गोष्ट वेगळी.

ते नाही, मी म्हटलं. गेल्या शुक्रवारीच मी तिला नवीन पाकीट दिलंय, हातात. त्यातल्या गोळ्या मोजल्या की कळेल.

थुई थांबली. हॉस्पिटलात तिने नोरीनची बॅग बघितली होती. शेडमधून आलेलं सगळं सामान बघितलं होतं. वाटेत तिच्या घराची किल्ली मागून घेऊन तिथली कपाटंही बघून आली होती.

"पाकीट कुठेच नाही," ती म्हणाली.

३

वाल्डाने आम्हाला स्वयंपाकघरात घेतलं खरं, पण माझ्याकडे बघितलं नाही. थुईपुढे चहा आणि जॅमचा केक ठेवला, माझ्यापुढे काही नाही. मी मुद्दाम तिची खुर्ची ओढून बसले.

थुईने थर्मासातल्या पाल्याबद्दल विचारलं. सेंट जॉन्स वर्ट नावाचं पिवळ्या फुलांचं तण आमच्या टेकड्यांवर माजलेलं असतं, आणि शहरातले लोक मन हलकं व्हावं म्हणून त्याचा चहा पितात. ते उदासीच्या गोळीसोबत गेलं तर खरंच घात होतो. वाल्डा तिच्याकडे बघतच राहिली. मेंढ्यांमध्ये वाढलेल्या बाईला हे विचारणं म्हणजे काय! ते तण खाल्लं की मेंढीचं नाक उन्हात सोलून निघतं, कोकरं मरतात. तिच्या वडिलांनी ते उपटण्यात कंबर मोडून घेतली होती. बरणी तिने टेबलावर आपटली. थुईने वास घेतला, बोटांत चुरडलं, मला दाखवलं. कॅमोमाइल आणि लिंबाची पानं. त्याने मांजरही आजारी पडलं नसतं.

मग थुईने पाकिटाचं विचारलं.

"कुठे असणार? पोटात," वाल्डा म्हणाली. "डोकं दुखतंय दुखतंय म्हणत गिळल्या असतील सगळ्या. हिनेच दिल्या ना." हे माझ्याकडे हनुवटी करून.

नोरीन दुसरं काही औषध घ्यायची का? वाल्डा म्हणाली, काही नाही. शपथेवर सांगते, काही नाही. आणि ती पुसलेलाच ओटा पुन्हा पुसायला लागली.

बाहेर गाडीत बसल्यावर मला रडूच यायला लागलं. सगळ्या गोळ्या खरंच गिळल्या असतील तर? लेसची आठवण अनावर होऊन, मुद्दाम? पाकीट नाही हे ऐकल्यापासून हा विचार माझ्या डोक्यात होता, तो मी पहिल्यांदा बोलून दाखवला. थुईने गाडी सुरूच केली नाही. तिलाही तोच प्रश्न पडला होता.

४

शेड गावापासून तासाभराच्या रस्त्यावर. आम्ही शुक्रवारी सकाळी पोचलो तेव्हा काम जोरात होतं. प्रत ठरवायला दुसऱ्या गावाहून कोणालातरी आणलं होतं. चालू पाळीत बोलायला कोणाला सवड नसते, म्हणून आधी स्वयंपाकघरात मॉन्टीला गाठलं.

मॉन्टी दणकट माणूस, पण बिचाऱ्याची झोप उडालेली. थुईने मागायच्या आत त्याने खोकल्याची बाटली पुढे केली. मी वाचली. कफ पातळ करायचं साधं औषध, आम्हाला ज्याची भीती होती ते त्यात नव्हतंच. मी तसं सांगितलं तेव्हा त्याने भाजलेल्या पावांचा ट्रेच आमच्यापुढे सरकवला.

नोरीन त्या आठवड्यात कशी होती? मॉन्टी म्हणाला, गप्प होती. जेवत नव्हती. सोमवारी तिच्या वाटणीचं मटण कुत्र्यांना गेलं. आणि हो, काळा चष्मा लावून काम करत होती. पोरांनी चिडवलं, सिनेमात चाललीस काय म्हणून. ती हसली नाही.

"काळा चष्मा? लोकर बघताना?" थुईने विचारलं.

आत टेबलाशी, तो म्हणाला. सोमवार, मंगळवार, बुधवार.

मी आपली बाटलीचं झाकण लावत होते. थुईने माझा दंड धरला. लोकरीची प्रत बघायला उजेड किती लागतो, तिने विचारलं. मी म्हटलं, भरपूर. धागा किती बारीक, किती पांढरा, सगळं नजरेनेच बघायचं. म्हणून तर छताला खिडक्या ठेवतात. प्रत ठरवणारं माणूस टेबलाशी काळा चष्मा लावणार नाही, उजेडाने जीव जायची वेळ आल्याशिवाय...

अर्धशिशीत उजेड डोळ्यांत सुयांसारखा टोचतो.

"तुम्ही म्हणालात, गोळी घेतली की ती तासा-दोन तासांत बरी होते," थुई म्हणाली. "मग तीन दिवस चष्मा कशाला?"

कशाला म्हणजे, गोळी घेतली नव्हती म्हणून. सगळ्या गिळणं तर लांबच, नोरीनने सुमाट्रिप्टान एकही घेतलं नव्हतं. ज्या टकरीपायी गाव मला फाडून खात होतं ती टक्करच मुळी झाली नव्हती. मला मोकळं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. कारण गोळीवाचून तीन दिवस ती उभी राहिली कशी?

घरी का गेली नाही ते विचारायची गरज नव्हती. लोकरीच्या प्रत्येक गठ्ठ्यावर प्रत ठरवणाऱ्याचा शिक्का बसतो. काम अर्धवट टाकून शेड सोडणाऱ्याला आमच्याकडे पुन्हा कोणी बोलवत नाही, आणि लेस गेल्यावर ती नुकती कुठे उभी राहिली होती.

५

घंटा झाली. यंत्रं थांबली, स्मोको झाला. स्मोको म्हणजे पाळी-पाळीमधला चहाचा वेळ, आणि शेडमधल्या लोकांना तो देवाच्या प्रार्थनेपेक्षा पवित्र. सगळे घाम पुसत बाहेर आले. थुईने एकेकाला विचारलं, नोरीनने काही औषध घेतलं होतं का, कोणी दिलं होतं का. एकेकाने नाही म्हटलं. सरळ डोळ्यांत बघून. मी ही माणसं लहानपणापासून ओळखते. ती खोटं बोलत नव्हती, आणि त्यामुळे माझी तगमग आणखीच वाढली. हॉस्पिटलातली फेरी दुपारी होती.

क्लॅरी पास्क सगळ्यांत जुना कातरणारा. तो लंगडत बाकापाशी आला, चहा ओतला, दोन बिस्किटं घेतली आणि बाजूचा दुसरा पत्र्याचा डबा उघडून त्यातलं काहीतरी चहाबरोबर गिळलं. शेजारच्याने डबा पुढे ओढला, त्यानेही घेतलं. बोलणं चालूच होतं. साखर घ्यावी तसं.

थुई उठली आणि डब्यात बघितलं. मीही बघितलं. गोळ्या. पांढऱ्या, पिवळ्या, लांबट, गोल, सगळ्या सुट्ट्या. लोकरीच्या तेलाने पाकिटं बरबटतात म्हणून सोलून टाकलेल्या.

"हे काय आहे?"

"स्मोकोचा डबा," क्लॅरी म्हणाला. "पाठ-बीठ दुखली तर."

"मी आत्ताच विचारलं, औषध घेतलं का. तुम्ही नाही म्हणालात."

क्लॅरी गोंधळला. "हे औषध कुठे? औषध डॉक्टर देतो. हे आपलं स्मोकोचं."

कोणी हसलं नाही. मीही नोरीनला तेच विचारलं होतं, दुसरं काही औषध घेतेस का. तीही अशीच सरळ बघून नाही म्हणाली होती. कातरणाऱ्यांच्या या पट्ट्यात जन्मलेल्या कोणीही तेच सांगितलं असतं. ज्याच्या घरी जे उरलं ते त्याने डब्यात आणून टाकायचं, लागेल त्याने घ्यायचं. उरलेली गोळी घरी दाबून ठेवणं इथे कद्रूपणा समजतात.

मी बाकावर गोळ्या ओतल्या आणि बोटाने वेगळ्या केल्या. पांढऱ्या गोल गोळ्यांवरची खूण मला चांगली ठाऊक होती. ट्रॅमाडॉल, दिवसभर हळूहळू सुटणारं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर क्लॅरीला मीच दिलं होतं, आणि उरलं तर परत आण म्हणून बजावलंही होतं. तो म्हणाला होता, संपलं. दुखण्यावरची जबरी गोळी, पण उदासीवरच्या गोळीच्या जोडीने घेतली तर सेरोटोनिन उसळतं. हीच ती खरी टक्कर. कागदावरच्या भीतीपुरती नाही, माणूस आडवा करणारी.

"नोरीनला यातलं किती दिलंत?" थुईने विचारलं.

क्लॅरीचा चेहरा उतरला. सोमवारपासून ती प्रत्येक स्मोकोला घेत होती. डोकं फुटतंय म्हणाली, म्हणून त्यानेच चांगल्यातल्या निवडून दिल्या होत्या. "मी तिला चांगल्या दिल्या, ग्लेनिस," तो म्हणाला. मला त्याला थोबाडीत मारावंसं वाटलं आणि जवळही घ्यावंसं वाटलं. शेवटी मी नुसता डबा उचलला.

गाडीत मी हॉस्पिटलला फोन लावायला लागले, तर थुईने हात धरला. म्हणाली, अर्धंच झालंय. ते विचारतील, स्वतःची हुकमी गोळी सोडून ही डब्यातलं का खात होती? ती गोळी आपणहून टाळत असेल, तर उद्या परत टाळेल आणि परत कुठल्यातरी डब्यात हात घालेल. मग देऊन उपयोग काय, असं म्हणून ते बंदच करतील.

"पाकीट कोणाकडे आहे?" मी विचारलं.

"तुम्हीच सांगा. माहितीचा कागद तुम्ही कशात घालता?"

६

वाल्डा अंगणात कपडे वाळत घालत होती. आम्हाला बघूनही तिने चिमटे तोंडातून काढले नाहीत. थुई गाडीपाशीच थांबली.

मी म्हटलं, वाल्डा, तो कागद मी पाकिटात घडी घालून ठेवते. पाकीट मी नोरीनच्या हातात दिलं होतं. तुझ्याकडे कागद आला कुठून?

ती दोरीवरची चादर सारखी करत राहिली. मी सगळं सांगितलं. चष्मा, डबा, क्लॅरीच्या गोळ्या. आवाज चढवला नाही. खरं तर चढवायचा होता, दोन दिवस तेच ठरवत होते. पण चादरीखालून तिचे नुसते पाय दिसत होते, एकावर एक ठेवलेले, शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारखे.

शनिवारी तिने पाकीट काढून घेतलं होतं. कागद वाचून घाबरली होती. बहिणीला म्हणाली, हे घेशील तर मरशील, दुखलं तर शेडमध्ये सगळे घेतात तेच घे, एवढ्या वर्षांत त्याने कोणी मेलं नाही. नोरीनने वाद घातला नाही. भांडायचा जोर अजून तिच्यात आला नव्हता.

"मी तिला वाचवत होते," वाल्डा म्हणाली. "लेस गेल्यावर तिला मीच भरवलंय, ग्लेनिस. चमच्याने. आणि आता लोकांना सांगू की तिला मीच..."

मी म्हटलं, लोकांना काही सांगू नकोस. दोन दिवस खाल्ल्या त्या शिव्या मी आयुष्यभर खाईन. पण डॉक्टरला तू सांगायचंस. डबा मी सांगेन, गोळी का सोडली ते तूच सांगायचंस. आज तिची दोन्ही औषधं गेली, तर तिला परत चमच्याने भरवावं लागेल.

फोन तिनेच लावला. स्वयंपाकघरातल्या भिंतीला टेकून उभी राहिली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं, दुसऱ्या कोणाचंही नाव न घेता, "मी केलं" असं म्हणून. पलीकडचे डॉक्टर बराच वेळ विचारत होते. मग त्यांनी मला मागितलं. नाव, खूण, किती, कधी. मी सांगितलं. ते म्हणाले, मग चित्र वेगळं आहे. उदासीवरचं औषध ती सावरली की जपून पुन्हा सुरू करू, डोकेदुखीची गोळीही ठेवू, मात्र नजर ठेवायची. ट्रॅमाडॉल मात्र या बाईच्या आसपास दिसता कामा नये. मी हो हो म्हणत होते आणि माझ्या नकळत स्टुलावर बसले होते.

मग ते म्हणाले, पेशंट जागी आहे, बहिणीशी बोलायचं म्हणतेय.

वाल्डाने फोन घेतला. मला वाटलं, आता बोलेल. पण ती लहान मुलीसारखी मोठमोठ्याने रडत होती. पलीकडून नोरीनचा आवाज आला, घोगरा, दमलेला, पण मला तीन हात लांब स्पष्ट ऐकू आला.

"वाल, रड हवं तेवढं. पण जरा हळू रड गं. माझं डोकं दुखायला लागलंय, आणि गोळ्या तुझ्याकडे आहेत."